खुलासा: एचडीएमआय केबलमधून आवाजही जातो

'एचडीएमआय केबल फक्त चित्र नेते, टीव्हीवर आवाज हवा तर वेगळी केबल घ्या' असा, संगणक टीव्हीला जोडायच्या केबलबद्दलचा मेसेज फिरतोय. मीही तो दोन ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे, माफ करा.

२००२ साली आलेल्या पहिल्या एचडीएमआय मानकापासूनच चित्र आणि आवाज एकाच केबलमधून जातात. आवाज टीव्हीवर येत नाही तेव्हा बहुतेक वेळा संगणक तो अजून स्वतःच्याच स्पीकरकडे पाठवत असतो. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. विंडोज ११ मध्ये खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक केलं, आवाजाच्या पट्टीशेजारचं बटण दाबलं, यादीत टीव्हीचं नाव दिसलं. ते निवडताच त्याच जुन्या केबलवरून आवाज सुरू झाला! मॅकवर हीच निवड साउंडच्या सेटिंगमध्ये, आउटपुटखाली असते.

मेसेजमधली गोष्ट व्हीजीए केबलला, म्हणजे संगणकाला पडदा जोडायच्या जुन्या प्रकारच्या केबलला, मात्र लागू पडते. तिच्यातून आवाज जातच नाही, तिथे वेगळी ऑडिओ केबल लागतेच. गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, कुणाचा तरी केबलचा नाहक खर्च वाचेल.