गालावर फिरवलेला कापूस आणि तोंडाच्या कॅन्सरचं भविष्य

सोलापुरात मोबाइलवरून मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: "तोंडाचा कॅन्सर जीनमध्येच लिहिलेला असतो. गालाच्या आतून कापूस फिरवून टेस्ट करा. कॅन्सर होणार का, झाला तर माणूस वाचणार का, सगळं कळतं. रिपोर्ट चांगला आला तर मावा खाऊनही काही होत नाही." यातली तिन्ही विधानं चुकीची आहेत.

"कापसावरून सगळं कळतं." त्या कापसावर येतात त्या आई-वडिलांकडून मिळालेली जनुकं (जीन) असलेल्या पेशी. कॅन्सरच्या गाठीतले बदल बहुतेक वेळा नंतर, तंबाखू-सुपारीच्या माऱ्याने त्याच जागी घडलेले असतात. ते बघायचे तर गाठीचाच तुकडा लागतो. फॅन्कोनी ॲनिमियासारखे जोखीम फार वाढवणारे जन्मजात आजार आहेत, पण अगदी विरळ.

"माणूस वाचणार का ते कळतं." टीपी53 हे जनुक बिघडलेल्या गाठी सरासरीने जास्त चिवट असतात, हे खरं. पण ही सरासरी गटाची; समोरच्या एका पेशंटचं ऑपरेशन त्यावर ठरत नाही. जीएसटीएम1सारख्या जनुकांतल्या जन्मजात फरकांचे निष्कर्ष तर एका अभ्यासात एक, दुसऱ्यात वेगळेच.

पुढचं बरंचसं कळतं ते ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवरून, आणि तो घरच्यांनी मागून वाचावा. त्यात गाठीची खोली मिलिमीटरमध्ये असते. दीड सेंटिमीटरची गाठ 4 मिमी खोल असेल तर टी1, म्हणजे गाठीची पहिली पायरी; तीच 8 मिमी खोल असेल तर टी2, म्हणजे दुसरी. कडेला 5 मिमी निरोगी भाग सुटलाय का? मानेतल्या किती गाठींत (लसिका ग्रंथींत) कॅन्सर आहे, आणि तो त्या गाठीचं आवरण फोडून बाहेर आलाय का? आला असेल तर नुसत्या शेकावर (रेडिएशनवर) भागत नाही. तब्येत झेपत असेल तर सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देतात. शेक ऑपरेशननंतर साधारण 6 आठवड्यांत सुरू व्हायला हवा. जीन रिपोर्टची वाट बघत ते आठवडे घालवू नका.

मानेतल्या गाठींसाठीही थांबू नये. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या 2015 मधल्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातच मानेतल्या गाठी काढलेले 80 टक्के पेशंट 3 वर्षांनी हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के.

जन्मजात जनुकाची एक तपासणी मात्र खरंच कामाची आहे: डीपीवायडी या जनुकाची. फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध द्यायचं असेल तर आधी करावी. त्यात दोष असला तर नेहमीच्या डोसनेही तोंड सोलवटतं, जुलाब लागतात, पांढऱ्या पेशी कोसळतात. पण ती औषध झेपेल का एवढंच सांगते.

"मावा चालतो." चालत नाही, कुणालाच. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच तसं जाहीर केलंय. आरशासमोर तोंड उघडून तीन बोटं उभी घालून बघा. जात नसतील, गाल आतून ताठ लागत असेल, साधी आमटीही झोंबत असेल, तर तोंडाच्या डॉक्टरांना दाखवा. दोन आठवड्यांत न भरलेल्या जखमेची बायोप्सी करून घ्या. तुकडा जखमेच्या कडेचा, खालपर्यंत घेतलेला हवा. मधल्या सडलेल्या भागाचा घेतला तर रिपोर्टमध्ये काहीच कळत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं.