भेट म्हणजे बक्षीस नव्हे

‘वर्तणूक चांगली असेल तरच कैद्याला मुलांची भेट मिळावी’ हे तुरुंगातील भेटींविषयीच्या लेखातील विधान मला पटले नाही, कारण त्यात भेटीकडे केवळ कैद्याची सवलत म्हणून पाहिले आहे आणि कोणताही अपराध न केलेल्या मुलाचा विचारच झालेला नाही. कैद्यांना कसे वागवावे हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांपैकी ४३व्या नियमानुसार शिस्तभंगाची शिक्षा म्हणून कुटुंबाशी संपर्क तोडता येत नाही. सुरक्षेसाठी फार तर संपर्काच्या साधनांवर मर्यादित काळापुरते निर्बंध घालता येतात.

माझा धाकटा भाऊ तुरुंगात असताना त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला मी भेटीला नेत असे. काचेपलीकडच्या वडिलांशी फोनवर बोलताना ती सारखी पहारेकऱ्याकडेच पाहत राही. पुढे एकदा समोरासमोर बसू दिले, तेव्हा मात्र तिने शाळेची वही उघडून त्यांच्याकडून गणिते सोडवून घेतली (त्यातली निम्मी चुकलेली निघाली). कैदी मातांना मुलांशी अशी मोकळी भेट मिळावी, असे महिला कैद्यांविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे २०१० चे बँकॉक नियम सांगतात; ती वडिलांना का मिळू नये, हा प्रश्न लेखात यायला हवा होता.