पीसीची बंद केस म्हणजे शांत केस, असं नाही

शांत पीसीवरचा लेख आवडला, पण 'शांत पीसी हवा तर समोरून बंद, आतून फोम लावलेली केस घ्या' हा त्यातला केसबद्दलचा (म्हणजे पीसीच्या कॅबिनेटबद्दलचा) सल्ला सरसकट पटत नाही. फोममुळे आवाजाची धार बोथट होते, खरंय. पण समोरचं दार हवेची वाट अडवतं, आत तापतं आणि मग तेच पंखे जोरात फिरायला लागतात. पंख्याचा वेग निम्म्यावर आणला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. फोमकडून एवढी अपेक्षा धरू नका. म्हणून जाळीची केस आणि सावकाश फिरणारे १४० मिमीचे दोन-तीन पंखे हेच मला बरं वाटतं. मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर असते (विदर्भवाल्यांनी हसू नये), तेव्हा तर नक्कीच. फ्रॅक्टल कंपनीच्या डिफाइन ७ या केसचं वरचं झाकण बंद किंवा जाळीचं, हवं तसं लावता येतं, ही सोय मात्र झकास.

लेखात फॅन कर्व्हचा (किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा, त्या सेटिंगचा) उल्लेखच नाही. प्रोसेसरचं तापमान क्षणात उसळतं आणि पंखा त्याच्यामागे धावत वर-खाली ओरडतो. सलग घरघर कानाला सवयीची होते, हे चढउतार होत नाहीत. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) फॅन स्टेप-अप टाइम, म्हणजे पंख्याने वेग वाढवायला घ्यायचा वेळ, वाढवा; फुकटचा उपाय आहे.

हार्ड डिस्क असेल तर रबरी वॉशरवर बसवा, नाहीतर तिची थरथर पत्र्यात उतरते. आणि ग्राफिक्स कार्डाला कॉइल व्हाइन (आतल्या कॉइलच्या थरथरीचा आवाज) असेल तर मात्र लेखकाचं बरोबर: ती बारीक किणकिण फोमच थोडीफार गिळतो.