काकांची ऑइल टेस्ट

किचनच्या शटरवरचा पांढरा सनमायका 2006 चा. पिवळा पडलेला, कडेच्या पट्ट्या सुटलेल्या, पण आतलं प्लाय ठणठणीत. नवीन ट्रॉल्यांचं कोटेशन ऐकून नवऱ्याने पाणीच मागितलं, म्हणून ठरलं की जुन्याच दारांवर फ्लुटेड पॅनल चिकटवायचे. उभ्या खाचांचे, ओकचं व्हिनिअर, हल्ली टीव्हीच्या मागे सगळ्यांकडे असतात ना, तेच. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणले, मिस्त्रींनी सनमायका घासून खरबरीत केला, पॅनल बसवले. पॉलिश दुसऱ्या दिवशी होतं. हे लक्षात ठेवा, पॉलिश व्हायचं होतं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका आले. आले होते ठोकाठोकीची तक्रार करायला, पण दार उघडल्या उघडल्या तक्रार विसरून सरळ किचनमध्ये. सरकारी खात्यातून रिटायर झालेत, बांधकामाची बिलं तपासायचे, त्यामुळे कुठलीही नवीन वस्तू दिसली की ती नापास कशी करायची एवढंच डोक्यात येतं. आधी नखाने टकटक. मग डोळा बारीक करून खाचा मोजल्या, मध्येच चुकले, परत पहिल्यापासून.

"काय गं, या खाचांमध्ये फोडणीचं तेल जाणार. पुसणार कोण?"

"पुसू की काका." (पुसणार मीच, हे त्यांनाही माहीत.)

"एक चमचा तेल दे. हळद घालून."

मला वाटलं गुडघ्याला लावायचं असेल. मी कोमट करून दिलं हो! अगदी वाटीत. काकांनी चमचा उचलला आणि मधल्या दाराच्या मधल्या खाचेत वरून खालपर्यंत अभिषेक केला. शांतपणे. मग रुमालाने पुसलं, आणि पॉलिश नसलेलं लाकूड ते, त्याने तेल केव्हाच पिऊन टाकलं होतं.

"बघ! डाग राहतो," काका.

"भाभी, पॉलिश तो कल था," मिस्त्री जवळजवळ रडवेले. तेलावर पॉलिश धरत नाही म्हणे.

"अरे मग आजच कळलं ते बरं ना!"

सॉरी नाही, काही नाही. उलट उपाय सांगितले. टाल्कम पावडर टाक, तेल ओढून घेईल. हळद उन्हाने उडते, दार काढून उन्हात ठेव. हे खरंय, हळद उडते, पण तेल कुठे उडतंय? आता मधलं दार गॅलरीत कपड्यांच्या स्टँडला टेकून उभं आहे आणि कपाटातले कुकर, डबे सगळ्या जगाला दिसतायत. आल्यागेल्याला काका स्वतः वर आणून दाखवतात, "मी टेस्ट केली म्हणून वाचले हे लोक." चहा अर्थात आमच्याकडचा.

आणि खरा वैताग तर पुढेच आहे. पॅनल 12 मिमी जाड, म्हणजे दारं तेवढी पुढे आली. आमचा ओटा एल आकाराचा, त्यामुळे कोपऱ्यातला चमच्यांचा ड्रॉवर आता शेजारच्या दाराला घासत, अर्धाच उघडतो. दुकानदाराने खाचांच्या डिझाइनचं मोठं पुस्तक उलटून दाखवलं, चहा पाजला, पण ओटा कसा आहे हे एका शब्दाने विचारलं नाही. वजन वाढलं म्हणून बिजागऱ्याही बदला, हे मिस्त्रींना पैसे घेताना आठवलं. माणूस विचारणार तरी कुणाला? आपल्याला मिमी कळत असते तर यांच्याकडे गेलो असतो का!

आणि ज्या काकांना न विचारता सगळं दिसतं, त्यांनी खाचा मोजल्या, ड्रॉवर मात्र उघडून बघितला नाही.

सकाळी मिस्त्रींना फोन केला, दार कधी बसवताय म्हणून. मागे ड्रिलचा आवाज, तोच आवाज आमच्या फरशीखालूनही येत होता. "भाभी, नीचे अंकल के यहाँ हूँ. प्लेन सनमायका लगा रहा हूँ. बिना खाचवाला."