हर्पिसच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या मेसेजची उलटतपासणी

माझ्या मोठ्या बहिणीच्या डोळ्यात हर्पिस आहे. ओठावर फोड आणतो तोच एचएसव्ही-१ विषाणू, पण तिच्या बाबतीत तो कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर उठतो. दुसऱ्यांदा उठला तेव्हा डॉक्टरांनी तिला असायक्लोव्हिरची गोळी रोज चालू ठेवायला सांगितली. ती घेत होती आणि डोळा शांत होता. मग तिला कुणीतरी एक मेसेज पाठवला आणि तिने गोळी सोडली. मला कळलं तेही सहज, फोनवर इकडचं तिकडचं बोलताना: "अरे, ती गोळी विषाणू मारतच नाही म्हणे. उगाच कशाला?"

मेसेज मागवून वाचला. त्यातलं सांगणं थोडक्यात असं. हर्पिसचा विषाणू जवळपास प्रत्येकाच्या अंगात असतो. तो आपल्या डीएनएत शिरतो आणि मुलाबाळांत उतरतो. आयजीजी चाचणी (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी) पॉझिटिव्ह आली म्हणजे तो आत काम करतोय. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार), कॅन्सर, अल्झायमर हे सगळे त्याचेच प्रताप, आणि हे 'शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये सिद्ध केलंय'. डॉक्टरांच्या गोळ्या त्याला मारत नाहीत, नुसत्या दाबून ठेवतात, आणि सोडल्या की तो दुप्पट जोराने उसळतो. तेव्हा गोळ्या आजच बंद करा आणि 'जनुकं रीसेट' करणारा चाळीस दिवसांचा कोर्स घ्या. कोर्स कुठून मागवायचा तेही अर्थातच खाली दिलेलं.

मेसेजचा क्रम पाळत बसण्याइतका धीर माझ्यात नाही. ज्या मुद्द्यामुळे एखाद्याची दृष्टी जाऊ शकते तो आधी.

गोळी सुप्त विषाणूला मारत नाही, हे खरं आहे. नाइलाजाने का होईना, एवढे मार्क मेसेजवाल्याला देतो. पण ती का मारत नाही हे त्याला माहीत असतं, तर पुढचं वाक्य त्याने लिहिलं नसतं.

हर्पिस विषाणू पेशीत शिरून वाढायला लागतो तेव्हा त्याची जनुकं एकदम सुरू होत नाहीत. पहिल्या तुकडीतली जनुकं बाकीच्यांना चालू करतात. दुसऱ्या तुकडीतली विषाणूच्या डीएनएच्या प्रती काढायची सामग्री बनवतात. तिसऱ्या तुकडीतून विषाणूचं कवच आणि बाकीचे सुटे भाग तयार होतात. हा क्रम होनेस आणि रॉइझमन यांनी १९७४ मध्ये मांडला आणि तो आजही पाठ्यपुस्तकांत तसाच आहे. दुसऱ्या तुकडीत थायमिडीन कायनेज नावाच्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक असतं. असायक्लोव्हिरची सगळी करामत या एका विकरावर उभी आहे. गोळीतलं औषध शरीरभर जातं, पण निरोगी पेशीत ते जवळपास निष्क्रियच राहतं. जिथे विषाणूचा थायमिडीन कायनेज हजर असेल तिथेच त्याला पहिला फॉस्फेट जोडला जातो. पुढचे दोन पेशीचे स्वतःचे विकर जोडतात, आणि मग ते विषाणूच्या डीएनए-प्रती काढणाऱ्या यंत्रणेत अडकून ती बंद पाडतं. विषाणूच्याच हातून औषधाची कळ दाबून घ्यायची, अशी ही योजना. जिच्या प्रयोगशाळेत हे औषध घडलं त्या गर्ट्रूड एलियनला १९८८ मध्ये नोबेल मिळालं. उगीच नाही मिळालं.

आता सुप्त विषाणू पाहा. तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत, चेतापेशींच्या केंद्रकात असतो आणि त्याचं थायमिडीन कायनेजचं जनुक बंद असतं. कळ दाबणारा हातच नाही, म्हणून औषध तिथे काही करत नाही. पण तो विषाणू तिथे बसून डोळाही बिघडवत नाही. डोळा बिघडतो तो विषाणू जागा होऊन मज्जातंतूतून कॉर्नियापर्यंत उतरतो आणि तिथे वाढतो तेव्हा. आणि वाढायचं तर ते जनुक चालू करावंच लागतं. म्हणजे गोळी नेमकी त्या क्षणाची वाट पाहत असते. 'दाबून ठेवते' ही मेसेजमधली तक्रार आहे ना, तेच तिचं काम आहे.

हा नुसता तर्क नाही. डोळ्याच्या हर्पिसवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. आदल्या वर्षभरात डोळ्यात हर्पिस उठलेले ७०३ रुग्ण घेतले. काहींना असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, बारा महिने. त्या वर्षात डोळ्याचा हर्पिस पुन्हा उठला तो औषध घेणाऱ्यांत १९ टक्के लोकांना आणि न घेणाऱ्यांत ३२ टक्के लोकांना. कॉर्नियाच्या आतल्या थरापर्यंत जाणारा, डाग ठेवणारा जो प्रकार आहे, तो आधी होऊन गेलेल्यांत फरक आणखी ठळक होता: १४ विरुद्ध २८ टक्के, सरळ निम्मा. त्रास झाला म्हणून गोळी सोडणारे दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते.

आणि ते 'दुप्पट जोराने उसळतो'? त्याच चाचणीत गोळ्या थांबवल्यावर पुढचे सहा महिने रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. उसळी दिसली नाही. गोळी थांबली की संरक्षण थांबतं, एवढंच. मेसेज लिहिणाऱ्याने हा एक शोधनिबंध उघडला असता तर निम्मा मेसेज गळून पडला असता. अर्थात मग कोर्स कसा विकायचा, हा प्रश्न उरला असता.

डोळ्याच्या बाबतीत मी इतका चिडतोय याचं कारण साधं आहे. ओठावरचा फोड आठ-दहा दिवसांत जातो आणि मागे काही राहत नाही. कॉर्नियाच्या आतल्या थरात उठलेल्या प्रत्येक खेपेला थोडा डाग मागे राहू शकतो, आणि डाग साठत गेले की नजर जाते. ताईला हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. छापील वाटणाऱ्या मजकुरासमोर ते फिकं पडलं. आता तिने डॉक्टरांशी बोलून गोळी परत सुरू केली आहे.

आता डीएनएत शिरण्याची गोष्ट. एचएसव्ही-१ आपल्या डीएनएत शिरत नाही. आपलं स्वतःचं सुमारे दीड लाख अक्षरांचं डीएनए गोल वळवून तो केंद्रकात आपल्या गुणसूत्रांशेजारी वेगळा राहतो. आपली पेशी त्या गोलावर हिस्टोन प्रथिनं गुंडाळते आणि त्याची ऐंशीएक जनुकं बहुतांशी गप्प होतात. १९८७ मध्ये उंदरांच्या सुप्त-संसर्ग झालेल्या चेतापेशींत विषाणूचा एकच आरएनए (चालू जनुकावरून निघणारी प्रत) भरपूर सापडला आणि त्याला पुढे लॅट हे नाव पडलं. घरात पुस्तक असणं वेगळं आणि कुणी ते मोठ्याने वाचत असणं वेगळं. इथे पुस्तक मिटलेलं आहे आणि एकाच पानाची कुजबूज चालू आहे. अगदी काटेकोर बोलायचं तर एखाददुसऱ्या चेतापेशीत मधूनच दुसरं एखादं जनुकही चालू झालेलं दिसतं, तेव्हा संपूर्ण शांतता असते असाही दावा मी करणार नाही. पण 'डीएनएत शिरून मुलाबाळांत उतरतो' हे एचएसव्हीबद्दल साफ खोटं आहे.

गंमत म्हणजे, मेसेजमध्ये ज्याचं नावही नाही अशा एका विषाणूबद्दल हे काही अंशी खरं आहे. एचएचव्ही-६ हा हर्पिसच्याच कुळातला दुसरा विषाणू गुणसूत्राच्या टोकाशी जोडला जाऊ शकतो, आणि साधारण एक टक्का लोकांत तो आईकडून किंवा वडिलांकडून वारशाने, प्रत्येक पेशीत आलेला असतो. अशा माणसाच्या रक्तात विषाणूचं डीएनए मोजलं तर आकडा प्रचंड येतो आणि जोरदार संसर्ग असल्याचा गैरसमज होतो. तिथे खरोखर संसर्ग आहे का हे ठरवायचं तर त्याची जनुकं चालू आहेत का, त्यांचा आरएनए बनतोय का, ते बघावं लागतं. डीएनए सापडलं म्हणजे आजार सापडला, असं या कुळात कधीच नसतं.

आयजीजीचंही तेच. ही प्रतिपिंडं सांगतात की विषाणूशी तुमची कधीतरी गाठ पडली होती. कधी पडली, तो आत्ता जागा आहे का, यांपैकी काहीही सांगत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या ६४ टक्के लोकांत एचएसव्ही-१ आहे. एवढ्या सगळ्यांची चाचणी पॉझिटिव्ह यायचीच. याच कुळातल्या एपस्टाइन-बार विषाणूच्या बाबतीत तर मेसेजचं म्हणणं चक्क उलटं पडतं: त्याच्या ईबीएनए प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं आजार सुरू झाल्यावर दोन ते चार महिन्यांनी दिसू लागतात, म्हणजे ती सापडणं हे संसर्ग जुना असल्याचं लक्षण. अंगावर किंवा डोळ्यात काही उठलं असेल तर तिथला नमुना घेऊन पीसीआर करतात. काहीच उठलं नसताना रक्त तपासून घाबरून घ्यायचं कारण नाही.

राहिला '२०२२ मध्ये सिद्ध झालं' हा मुद्दा. मेसेजमधली ही एकच गोष्ट खऱ्या संशोधनातून आलेली आहे आणि तिचीही वाट लावलेली आहे. जानेवारी २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेला तो अभ्यास अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदींवर आणि साठवलेल्या रक्तनमुन्यांवर झाला. त्यांतल्या ९५५ जणांना नोकरीच्या काळात एमएस झाला. एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढला. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती मी कमी लेखत नाही. पण त्याच अभ्यासात, त्याच कुळातल्या सायटोमेगॅलोव्हायरसमुळे धोका वाढला नाही. म्हणजे 'हर्पिसमुळे एमएस' असं ते म्हणतच नाहीत; एका विशिष्ट विषाणूबद्दल म्हणतात. आणि हा विषाणू जगातल्या सुमारे ९५ टक्के प्रौढांत असतो. एमएस त्यांतल्या अगदी थोड्यांना होतो. विषाणू लागतो, पण तेवढ्याने भागत नाही.

कॅन्सरबद्दलही अर्धंच खरं. एपस्टाइन-बार सापडलाच मुळी १९६४ मध्ये बर्किट लिम्फोमा या लसिकापेशींच्या कॅन्सरच्या पेशींत, आणि कपोसी सार्कोमाचा विषाणू १९९४ मध्ये सापडला. दोन्ही याच कुळातले. पण एकच एपस्टाइन-बार कॅन्सरच्या वेगवेगळ्या गाठींत वेगवेगळी जनुकं चालू ठेवतो. बर्किटमध्ये प्रथिनांपैकी जवळपास फक्त ईबीएनए-१. हॉजकिन लिम्फोमात आणि नाक-घशाच्या कॅन्सरमध्ये त्याच्या जोडीला एलएमपी प्रथिनं. अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबलेली असताना होणाऱ्या लिम्फोमात याहून बरीच जास्त. आणि निरोगी माणसाच्या रक्तातल्या, प्रतिकारशक्तीच्या ज्या स्मृतिपेशींत तो राहतो, तिथे प्रथिनं जवळपास शून्य. पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या तुकड्यात ईबर नावाचे विषाणूचे छोटे आरएनए शोधतात ते यासाठीच. विषाणू 'माणसात आहे का' याचं उत्तर बहुधा होच असतं. तो त्या गाठीच्याच पेशींत आहे का, हे त्यांना हवं असतं.

अल्झायमरवर वाद चालू आहे. २०१८ मध्ये एका गटाला रुग्णांच्या मेंदूत एचएचव्ही-६ए आणि ७ यांच्या खुणा जास्त दिसल्या, २०२० मध्ये दुसऱ्या गटाला तसं काही आढळलं नाही. वेल्समध्ये नागिणीची (तिचा विषाणूही याच कुळातला) लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचं निदान साधारण एक पंचमांशाने कमी झालं, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरमध्ये दीड वर्ष व्हॅलासायक्लोव्हिर (शरीरात गेल्यावर असायक्लोव्हिर बनणारं औषध) दिलेल्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. यातून 'सिद्ध झालं' कसं निघतं ते मेसेजवाल्यालाच ठाऊक.

आणि 'जनुकं रीसेट' करणारा कोर्स? सुप्त एचएसव्हीचं डीएनए कापून काढायचं खरं काम सिएटलमधल्या फ्रेड हच संस्थेत चालू आहे. २०२० मध्ये त्यांनी उंदरांच्या मज्जातंतूंच्या गाठींतून ९० टक्क्यांहून अधिक सुप्त विषाणू नष्ट केल्याचं दाखवलं. त्यासाठी डीएनए कापणारे विकर दुसऱ्या एका विषाणूच्या आत घालून चेतापेशींपर्यंत न्यावे लागले. हे उंदरांत झालं आहे. तोंडाने घ्यायच्या चाळीस दिवसांच्या कोर्समधलं काहीही त्या गाठीपर्यंत जाऊन नेमकं विषाणूचं डीएनए ओळखत नाही.

डोळ्याचा हर्पिस होऊन गेलेल्या कुणी हा मेसेज वाचून गोळी सोडली असेल, तर ज्यांनी ती दिली त्यांना आजच फोन करावा. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसायला लागलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं. आणि आधीच्या वेळचे स्टेरॉइडचे थेंब घरात उरले असतील तर ते स्वतःच्या मनाने घालू नयेत. विषाणू कॉर्नियाच्या वरच्या थरात वाढत असताना सोबत अँटिव्हायरल औषध नसेल, तर त्या थेंबांनी जखम पसरते.