नेट ‘येऊन-जाऊन’ आहे म्हणजे काय, ते आधी ऐकून तर घ्या

आज डोकं फिरलंय. लांबण लागणार आहे, घाईतल्यांनी सरळ पुढे सरकावं.

सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे इंटरनेटवाल्यांचा मुलगा येऊन गेला. काकू ७१ वर्षांच्या. मुलगा परदेशी जाताना स्वतःचा डेस्कटॉप ठेवून गेला, त्यावर त्या मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग करतात. दोन आठवडे झाले, वर्ग चालू असताना नेट जातं आणि तीन-चार मिनिटांनी आपलं आपण येतं. तर हा मुलगा आला, हॉलमध्ये राउटरला खेटून उभा राहिला, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली. "१८० येतोय आजी, एकदम ओके." काकू म्हणाल्या, अरे, आत्ता येतोय, पण मधेच जातो त्याचं काय? तर म्हणतो, "आजी, ते तुम्हाला नाही कळणार. तुमचा कॉम्प्युटर जुना झालाय." तो जिना उतरतोय न उतरतोय तोच काकूंना मेसेज: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. वर पाचपैकी किती तारे द्याल, असंही विचारलंय!

तुम्हाला नाही कळणार. हे वाक्य मी ऐकलेलं आहे. माझ्या घरात, माझ्या आईला उद्देशून.

गेल्या वर्षीच्या जुलैचं प्रकरण काहींना आठवत असेल. मी घरूनच लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरतो. २० तारीख म्हणजे आमच्या धंद्यात काय असतं ते आमचं आम्हाला ठाऊक. पोर्टल आधीच गोगलगाय, त्यात सही करायला ओटीपी मागवावा आणि नेमकं नेट जावं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. उशीर झाला की अशिलाला दिवसाला ५० रुपये दंड, आणि अशिलाच्या शिव्या मला, त्या फुकट.

फोन केला की पलीकडून एकच मंत्र. "सर, राउटर ३० सेकंद बंद करून चालू करा." केलं. "लॅपटॉप रीस्टार्ट करा." केला. "सर, दुसऱ्या लॅपटॉपवर बघा." अहो, दुसरा लॅपटॉप काय लोणच्याच्या बरणीत ठेवलाय? तरी मेव्हण्याचा आणून बघितला. लॅनची वायर बदलली. शेवटी २४०० रुपयांचा नवा राउटर घेतला. दोन दिवस बरं चाललं, मग ये रे माझ्या मागल्या.

तंत्रज्ञ तीनदा आला आणि तिन्ही वेळा नेट ठणठणीत. डॉक्टरच्या दारात पोचलं की पोराचा ताप उतरतो ना, तसं. तिसऱ्या खेपेला आई दिवाणावर बसली होती. ती त्याला म्हणाली, "अरे बाळा, ते दुपारी जातं. आणि पाऊस आला की जातं." तो हसला आणि म्हणाला, "आजी, पावसाचा काही संबंध नाही, फायबर आहे ही. तुम्हाला नाही कळणार." मीही हसलो. हे लिहिताना आत्ताही लाज वाटतेय.

मान्य, राउटर बंद-चालू करून बऱ्याचदा खरंच काम होतं. डबडं महिनोन्महिने चालू असतं, कधीतरी भंजाळतं. पण रोज सहा वेळा जाणाऱ्या नेटला हाच उतारा? त्यात बहुतेक घरगुती राउटर स्वतःची नोंद ठेवतात, किती वाजता लाइन तुटली, कधी जुळली, आणि बंद केला की ती नोंद पुसली जाते. म्हणजे चोरी झाल्याचा फोन करावा आणि पोलिसांनी सांगावं, आम्ही यायच्या आत घर स्वच्छ पुसून ठेवा.

घोडं कुठे पेंड खातंय हे शोधायला काही रॉकेट उडवावं लागत नाही. मी वैतागून शिकलो, तेही भाच्याकडून, फोनवर. विंडोजमध्ये ती काळी खिडकी उघडायची, कमांड प्रॉम्प्ट. एका खिडकीत आपल्याच राउटरला हाका मारत राहायचं, पिंग १९२.१६८.१.१, पुढे मायनस टी, म्हणजे थांबवेपर्यंत ते चालू राहतं. (काही घरांत हा आकडा वेगळा असतो, राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर असतो.) दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या जगाला हाका, पिंग ८.८.८.८ (हा गूगलचा पत्ता), इथेही पुढे मायनस टी. मग आपलं काम करत बसायचं. नेट गेलं की बघायचं, कुठली खिडकी गप्प झाली. राउटरच ओ देत नसेल तर दुखणं घरात आहे: वायफाय, वायर, नाहीतर कॉम्प्युटर. राउटर ओ देतोय पण बाहेरून उत्तर नाही, तर दुखणं राउटरच्या पलीकडे. दोन्हीकडून उत्तर येतंय आणि तरी कुठलीच साइट उघडत नाही, तर बहुधा डीएनएस, म्हणजे नावावरून नंबर शोधणारी डिरेक्टरी झोपलीय. बस. फोनवरच्या त्या पोरीला मी हे सगळं सांगितलं, राउटरचं पिंग एकदाही चुकत नाही, बाहेरचं चुकतंय. ती म्हणाली, "ओके सर, राउटर एकदा ३० सेकंद..."

फोन ठेवला. काय करणार?

डायल-अपच्या दिवसांत निदान ऐकू तरी यायचं हो. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. आमच्या घरी ते यायला पुढे चार-पाच वर्षं गेली. पण मोडेम कॅंव-कॅंव करत जोडायचा, आणि नेट तुटलं तर आतल्या खोलीत आईने फोन उचललेला असायचा. आरोपी जागेवर सापडायचा. आता सगळं मुकं. एक हिरवा दिवा असतो, तो मधेच लाल होतो, आणि आपण त्याच्याकडे बघत बसायचं.

तर आई. त्या मुलाच्या हसण्याचा तिला राग आला होता, पण बोलली नाही. दुधाच्या हिशोबाची वही असते तिची, मागच्या पानापासून तिने सुरुवात केली. मी ओरडलो, "गेलं!" की घड्याळ बघून लिहायची. आठ दिवसांनी वही माझ्यापुढे टाकली. पेन्सिलीने, तिच्या त्या तिरप्या अक्षरात: मंगळ. १.१० गेलं, ३.३५ आलं. कबुतर. बुध. ११.२० गेलं, ११.५० आलं. पाऊस. बुध. १.०५ गेलं, ३.४० आलं. झोपले.

म्हटलं, हे कबुतर काय आहे? तर म्हणाली, "मी खिडकी लावते ना रे तेव्हा."

आमच्याकडे फायबरची वायर गॅलरीच्या सरकत्या खिडकीतून आत घेतलेली. पाऊस आला की आई खिडकी लावणार. कबुतर आत घुसायला लागलं की लावणार. दुपारी आडवी होताना तर लावणारच. तंत्रज्ञ आला की "उजेड यायला हवा" म्हणून तीच खिडकी सताड उघडणार, आणि नेट ठणठणीत!

मी उठलो आणि त्या ओएनटीचं पान उघडलं. ओएनटी म्हणजे फायबर ज्यात शिरते ती डबी, तिच्या आतल्या पानावर प्रकाश किती पोचतोय त्याचा आकडा असतो. खिडकी उघडी असताना उणे २१. आईला म्हटलं, हळूहळू सरकव. उणे २४. हे डेसिबलचं गणित असं की तीनचा फरक म्हणजे प्रकाश निम्मा. आणखी सरकवली, उणे २७. "लावू का पूर्ण?" लाव. खटकन आवाज झाला, आकडा नाहीसा आणि डबीवर लाल दिवा. उघड म्हटलं. लाल दिवा गेला, हिरवा मिचमिचायला लागला, मिनिटभरात नेट हजर. आम्ही दोघांनी ते चार वेळा केलं, लहान मुलांसारखं. फायबर म्हणजे काचेचा तंतू, त्यातून प्रकाश जातो. तो तुटावाच लागतो असं नाही, चिमटला किंवा जास्त वाकला तरी प्रकाश बाहेर सांडतो. पावसाचा काही संबंध नाही म्हणे! पावसाचा होता, खिडकीमार्फत होता. आईला काचेतलं काही कळत नव्हतं, पण नेट कधी जातं ते तिला कळत होतं, आणि आम्हा बाकी सगळ्यांना तेवढंच कळत नव्हतं.

(बरं, कबूल करतो. जोडणी करायला आलेल्या मुलाला "भिंतीला भोक पाडू नकोस, रंग नवा आहे" असं मीच बजावलं होतं. पुढे.)

दुरुस्तीला जो आला तो वेगळा मुलगा होता, भिजून चिंब, हेल्मेट हातात. त्याने आईची वही बघितली, नीट, पान उलटून. म्हणाला, "आजी, आमच्याकडे असं कोणी लिहून देत नाही." मग चौकटीशेजारी भोक पाडलं, वायर त्यातून घेतली, आत आल्यावर तिला गोल वळसा दिला आणि म्हणाला, वळण बांगडीएवढं तरी ठेवायचं, त्याहून लहान नको. चहा घेताना सांगत होता, दिवसाला पंधरा तक्रारी असतात, वेळेत बंद झाल्या नाहीत तर पैसे कापतात. तेव्हा खरं तर सकाळच्या त्या पोरावरही माझा राग नाही. असला तरी थोडा. ७१ वर्षांच्या बाईला ‘नाही कळणार’ म्हणायचे पैसे काही कोणी कापत नाही ना? पण ऐकायला वेळच ठेवायचा नाही आणि तक्रार ‘बंद’ झाली की काम झालं, ही व्यवस्था ज्यांनी एसीत बसून लावली, त्यांच्या घरचं नेट २० तारखेला जावं, एवढीच इच्छा.

दुपारी काकूंकडे जाऊन त्या दोन काळ्या खिडक्या लावून आलो. काकूंचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, मागे वायफायचं नखाएवढं जुनं डोंगल. तो मुलगा तिथपर्यंत गेलाच नव्हता. मी होतो तो अर्धा तास अर्थातच नेट गेलं नाही. वर येऊन आईला सांगितलं, तर तिने एक कोरी वही आणि टोक केलेली पेन्सिल माझ्या हातात दिली. "दे तिला नेऊन. आणि सांग, काय करत होतीस तेही लिही."

हे टाइप करतोय आणि काकूंचा मेसेज आला. वहीच्या पानाचा फोटो: ६.४२ गेलं, ६.४५ आलं. राउटरवाली खिडकी गप्प. दूध गरम करत होते.

दूध कशात गरम करता, असं विचारलंय. मायक्रोवेव्ह आणि ते जुनं डोंगल, दोघांचाही वावर २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास, म्हणजे मायक्रोवेव्हच्या गोंगाटात डोंगलला राउटर ऐकू येत नसणार. काकूंचं टायपिंग चाललंय...