‘घरबसल्या’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

ओत म्हणजे पुराचं पाणी पसरायची आणि परत नदीकडं जायची नैसर्गिक सखल वाट. सांगलीतले ओत बुजवल्यानं पुराचं पाणी तुंबून राहतं, असं मी ‘सांगलीचे ओत गेले कुठे?’ या लेखात लिहिलं होतं. त्याखाली काल रात्री एक निनावी प्रतिक्रिया आली. त्यात तीन गोष्टी आहेत. पूर कर्नाटकातल्या अलमट्टी आणि आपल्या कोयना धरणामुळे येतो, ओतांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. 2019 च्या पुरातली कृष्णेची पातळी मी चुकीची दिली. आणि शेवटी, ‘घरबसल्या ज्ञान पाजळणं सोपं असतं, कधी पाण्यात उतरलात का?’

चूक मान्य. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं, मी 57 लिहिलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘घरबसल्या’. हा शब्द झोंबला. तुम्ही वयानं मोठे असाल, अभ्यासही असेल, पण अनोळखी बाईशी बोलायची ही रीत नव्हे. आम्ही शामरावनगरात राहतो. वडिलांनी 1996 साली प्लॉट घेतला तेव्हा घरामागे ओत होता. पावसाळ्यात त्यात म्हशी डुंबायच्या. नदी फुगली की पाणी तिथं पसरायचं आणि ओसरताना त्याच वाटेनं परत जायचं. पाच-सहा वर्षांत मुरूम आणि पाडकामाचा राडारोडा टाकून तो भरला, वर प्लॉट पडले. कुणी अडवलं नाही. आम्हीही नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑगस्ट 2019 मध्ये आमच्याकडे पाणी रस्त्यावरून आलं नाही. आधी न्हाणीच्या मोरीतून बुडबुडे आले, मग काळं पाणी. दुपारपर्यंत ते ओट्यावरच्या शेगडीला लागलं. आईला खुर्चीत बसवून मी आणि भावानं उचलून बाहेर काढलं, तेव्हा पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. उतरलात का म्हणून विचारता? उतरले होते.

आणि खरं सांगायचं ते पुढंच आहे. नदी 45 फुटांच्या धोका पातळीखाली गेली, गावभागातले लोक घरं धुवायला लागले, तरी आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी तसंच होतं. शेवटी पंप लावून उपसावं लागलं. ते कुठल्या धरणानं अडवलं होतं, सांगा. वर किती पाऊस पडावा ते आपल्या हातात नाही. आलेलं पाणी गल्लीत किती दिवस कुजतं, ते मात्र आहे. म्हणून लेखात मागितलं तेच पुन्हा मागते: उरलेले ओत मोजून नकाशावर घ्या, बुजवलेले जमतील तेवढे उकरा, निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठच्या बांधकामबंदीच्या हद्दीच्या, आत एक ट्रॉलीही भराव पडू देऊ नका.

अलमट्टीचं म्हणाल तर 2019 च्या पुराची कारणं शोधायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं 2020 च्या अहवालात त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवलेला नाही. कोयनेच्या विसर्गावर पुन्हा कधीतरी.

यापुढं नाव घालून लिहा. निनावी प्रतिक्रिया मी आता ठेवणार नाही.